कात्रणाची कसोटी : मेंदूच्या आजारांवरील औषधांची नवी परीक्षा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वात चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी व्यवसायाने कापड व्यापारी व शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. तरीही आज मी जो विषय निवडला आहे तो प्रयोगशाळेतला आहे. माणसाच्या मेंदूच्या ऊतींचे सूक्ष्म नमुने प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधांची परीक्षा घेण्याची जी पद्धत गेल्या बारा-तेरा वर्षांत पुढे आली आहे, तिची ओळख आपणांस करून द्यावी, असा मानस आहे.

हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण घराघरातले आहे. आपले आयुर्मान वाढले, त्याबरोबर स्मृतिभ्रंश, कंपवात, पक्षाघात यांसारखे आजारही वाढले. ज्या घरात एखादे वडीलधारे माणूस स्वतःच्या मुलाला ओळखेनासे होते, त्या घराचे दुःख येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. दुसरे कारण आपल्या आचारधर्माशी निगडित आहे. जीवदयेसाठी आपण पांजरापोळीला सढळ हाताने देतो. परंतु आपण सकाळ-संध्याकाळ घेतो त्या गोळीमागे किती मुक्या प्राण्यांवर प्रयोग झाले, याचा विचार सहसा मनात येत नाही. ही दोन्ही कारणे ज्या एका ठिकाणी एकत्र येतात, ते ठिकाण म्हणजे आजचा विषय.

औषधाची परीक्षा का व कशी सुरू झाली

औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची परीक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत असू नये. १९३७ साली अमेरिकेत एका कारखान्याने सल्फा वर्गातील औषध पातळ स्वरूपात विकण्यासाठी ते डायइथिलीन ग्लायकॉल या द्रव्यात विरघळवले. त्या मिश्रणाची विषारीपणाच्या दृष्टीने कोणतीच चाचणी केली नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक बालके होती. त्यातून १९३८ चा कायदा आला आणि औषध माणसाला देण्यापूर्वी प्राण्यांवर तपासण्याची प्रथा दृढ झाली. हेच विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मृत्युमुखी पडले व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने महाराष्ट्र हादरला, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. तपासणीत कसूर झाली की माणूस मरतो, हा धडा दोन्ही प्रसंगांनी दिला. म्हणून आपला प्रश्न परीक्षा घ्यावी की न घ्यावी असा नाही. परीक्षा कोणावर घ्यावी आणि तिचे उत्तर कितपत विश्वासार्ह असते, हा आहे.

मेंदूच्या बाबतीत हे उत्तर फारसे समाधानकारक नाही. अल्झायमर आजारावरील औषधांच्या २००२ ते २०१२ या काळातील ४१३ मानवी चाचण्यांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत २४४ संयुगांची परीक्षा झाली होती आणि त्यांपैकी मान्यता मिळाली ती केवळ एकाला. शंभरातील नव्याण्णवांहून अधिक संयुगे माणसापर्यंत पोहोचून तेथे निष्फळ ठरली, आणि त्यांतील अनेकांनी आधी उंदरांमध्ये आशादायक निकाल दाखविले होते. त्यानंतर लेकॅनेमॅब (२०२३) आणि डोनॅनेमॅब (२०२४) या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली; पण तीही आजाराचा वेग काहीशी मंदावतात, गेलेली स्मृती परत आणीत नाहीत.

असे का व्हावे? उंदराला निसर्गतः अल्झायमर होतच नाही. माणसातील सदोष जनुक त्याच्यात घालून आजाराची नक्कल करावी लागते आणि औषध त्या नकलेवर उतरते. शिवाय उंदराचा मेंदू गुळगुळीत व लहान. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, वर घड्या घातलेले आवरण, आणि गर्भावस्थेतील त्याची घडण कितीतरी दीर्घकाळ चालणारी.

हे मला माझ्या धंद्याच्या भाषेत लगेच उमगते. येवल्याची अस्सल रेशमी पैठणी धुलाईस द्यायची असेल, तर रंग जाईल का, काठाची जर काळवंडेल का, हे आपण सुती मलमलीवर पाणी टाकून ठरवीत नाही. त्याच वस्त्राचे कात्रण मिळाले तर त्यावर पाहतो. कापड जे, कात्रणही त्याचेच हवे. अडचण एवढीच, की जिवंत माणसाच्या मेंदूचे कात्रण काढता येत नाही. त्वचेचा, यकृताचा तुकडा तपासणीस घेता येतो. मेंदूला मात्र, गाठीसारखे विशेष कारण असल्याखेरीज, हात लावता येत नाही. मेंदूच्या औषधांचे शास्त्र इतकी वर्षे मागे राहिले, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मेंदूचे कात्रण कसे वाढते

ही कोंडी फोडण्याचा पाया जपानमध्ये घातला गेला. क्योतो विद्यापीठाचे डॉ. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा गर्भारंभीच्या अवस्थेत नेऊन दाखविले. अशी पेशी ‘मूलपेशी’ बनते. योग्य सूचना मिळाल्या तर ती हृदयाची, यकृताची वा मेंदूची पेशी होऊ शकते. तत्पूर्वी माणसाच्या अशा पेशी मिळविण्यासाठी मानवी भ्रूण नष्ट करावे लागत असे. यामानाकांच्या पद्धतीने ती गरज उरली नाही. २०१२ साली त्यांना सर जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढचे पाऊल २०१३ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे पडले. डॉ. मॅडलिन लँकेस्टर आणि डॉ. युर्गन नोब्लिच यांनी अशा मूलपेशींचा लहानसा गोळा बनवून तो एका विशिष्ट जेलच्या थेंबात ठेवला आणि पोषक द्रवात सतत फिरत ठेवला. त्या पेशींनी स्वतःहून रचना धरली. काही आठवड्यांत त्यात मेंदूच्या आवरणासारखे थर, चेतापेशी तयार करणारे भाग, डोळ्याच्या पडद्याचा प्रारंभिक अंश असे दिसू लागले. सुमारे ४ मिलिमीटरचा, वाटाण्याहून लहान असा हा गोळा. यालाच ‘मेंदू-ऑर्गनॉइड’ म्हणतात. जन्मतःच डोके लहान असलेल्या एका रुग्णाच्या त्वचेपासून त्यांनी असे ऑर्गनॉइड वाढविले, तेव्हा तेही लहानच राहिले आणि त्याचे कारण पेशींच्या पातळीवर दिसून आले. उंदरात हा दोष नीट उतरत नव्हता.

गर्भात मेंदूचा कोणता भाग कोठे व्हावा, हे रासायनिक संकेत ठरवितात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. शुभा टोळे यांची प्रयोगशाळा दीर्घकाळ याच प्रश्नावर काम करीत आली आहे व त्या कार्यासाठी त्यांना २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. अशा मूलभूत अभ्यासातून मेंदूच्या घडणीची कृती कळत गेली. एक गोष्ट येथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे, की हे ज्ञान मुख्यतः उंदरांच्या व इतर प्राण्यांच्या भ्रूणांच्या अभ्यासातून आले आहे. प्राण्यांचे ऋण नाकारून ऑर्गनॉइडचा गौरव करणे न्यायाचे होणार नाही.

परीक्षेत काय साध्य झाले

औषधांची निवड-चाचणी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. २०१५ साली ब्राझीलमध्ये झिका विषाणूच्या साथीत लहान डोक्याची बालके मोठ्या संख्येने जन्मास येऊ लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी घोषित केली. विषाणूच याला कारणीभूत आहे, हे सिद्ध कसे करावे? गर्भवती स्त्रियांवर तर प्रयोग करता येत नाहीत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. गुओ-ली मिंग व डॉ. होंगजुन सोंग यांच्या प्रयोगशाळेने ऑर्गनॉइड वाढविण्यासाठी एक लहान, स्वस्त यंत्र तयार केले होते. त्रिमितीय छपाईने बनविलेल्या या यंत्राच्या घडणीत उन्हाळी सुटीत आलेल्या शालेय विद्यार्थ्यांचा हातभार होता. त्या ऑर्गनॉइडमध्ये विषाणू सोडल्यावर तो नेमका चेतापेशींना जन्म देणाऱ्या पेशींवर घाला घालतो, त्या मरतात आणि थर पातळ होतो, असे काही महिन्यांतच दिसून आले. त्याच वर्षी या गटाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ६,००० हून अधिक संयुगे मानवी पेशींवर तपासून पाहिली. त्यांत पेशींना मृत्यूपासून वाचविणारे एमरिकासन आणि विषाणूची वाढ रोखणारे निक्लोसमाइड ही नावे पुढे आली. निक्लोसमाइड हे तर पट्टकृमींवरचे जुने औषध.

हा आजार आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ मध्ये पुणे शहरातही रुग्ण आढळले, त्यांत गर्भवती भगिनीही होत्या. झिकावर मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. म्हणजे ६,००० तून निवडलेली नावे ही औषधे नव्हेत, पुढील तपासास पात्र ठरलेली नावे आहेत. हजार तागे आले की व्यापारी आधी नमुन्यावरून निवड करतो, मग तागा उलगडतो. निवड-चाचणीचे काम तेवढेच. पण जी संयुगे प्राण्यांवर एकेक तपासण्यास वर्षानुवर्षे लागली असती व असंख्य जीव गेले असते, त्यांची पहिली चाळणी काही आठवड्यांत झाली, हे लाभाचे पारडे हलके नाही.

दुसरे उदाहरण एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य आजाराचे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात डॉ. हिदेयुकी ओकानो यांच्या गटाने रुग्णांच्या पेशींपासून चेतापेशी वाढविल्या आणि आधीच मान्य असलेली औषधे त्यांवर तपासली. त्यांतून कंपवातावर दिले जाणारे रोपिनिरोल निवडले गेले. त्यानंतर २० रुग्णांवर चाचणी झाली व तिचा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला; औषध घेणाऱ्यांत आजाराची वाढ काही महिन्यांनी लांबल्याचे त्यात दिसले. येथे वापरलेल्या पेशी गोळ्याच्या स्वरूपात नव्हत्या, बशीत पसरलेल्या होत्या. तत्त्व मात्र तेच. वीस रुग्णांवरून अंतिम निर्णय होत नाही, मोठी चाचणी व्हावी लागते. तथापि रुग्णाच्या पेशीपासून निघून रुग्णाच्या बिछान्यापर्यंत जाणारी वाट अस्तित्वात आहे, एवढे त्यातून कळले.

तिसरे उदाहरण ‘ज्याचे त्याचे कात्रण’ या तत्त्वाचे. बायपोलर आजारात मन कधी अत्युत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाते. त्यावर लिथियम दिले जाते, परंतु ते सर्वांना लागू पडत नाही. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेने २०१५ साली दाखविले, की या रुग्णांच्या पेशींपासून वाढविलेल्या चेतापेशी नेहमीपेक्षा अधिक उत्तेजित असतात, आणि ज्या रुग्णांना लिथियमने बरे वाटत होते केवळ त्यांच्याच चेतापेशी बशीत लिथियमने शांत झाल्या. एकाला लागलेले औषध दुसऱ्याला का लागत नाही, या प्रश्नाकडे पाहण्याची ही नवी खिडकी आहे. उंदरावरून हे कधीच कळले नसते.

आपल्या देशातील चित्र

भारत यात मागे नाही. बंगळुरू येथील निम्हान्स ही मनोविकार व चेतासंस्थेची राष्ट्रीय संस्था, एनसीबीएस ही जीवशास्त्र संस्था आणि इनस्टेम ही मूलपेशी संस्था यांनी मिळून २०१६ पासून एक प्रकल्प हाती घेतला. ज्या कुटुंबांत एकाहून अधिक व्यक्तींना स्किझोफ्रेनिया, बायपोलर, मंत्रचळ, स्मृतिभ्रंश अथवा व्यसनाधीनता आहे, त्या कुटुंबांतील रुग्ण व निरोगी नातेवाईक यांच्या रक्ताच्या नमुन्यांपासून मूलपेशी व त्यांपासून चेतापेशी वाढविल्या जातात. एकाच घरातले दोन भाऊ, एक आजारी व एक धडधाकट, यांच्या पेशींत नेमका फरक कोठे, हे त्यातून शोधता येते. २०२३ मध्ये या कार्यास रोहिणी निलेकणी यांच्या लोकहितनिधीतून पाच वर्षांसाठी १०० कोटी रुपयांचे अनुदान जाहीर झाले व केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. रोहिणीताई मुंबईच्या सोमण या मराठी कुटुंबातील कन्या. दानाचा ओघ मंदिर, शाळा, रुग्णालय यांच्याकडून मूलभूत संशोधनाकडेही वळू शकतो, हे या उदाहरणातून आपल्या विश्वस्त मंडळाने लक्षात घ्यावे, अशी नम्र सूचना करतो. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतही मानवी ऊतींचे नमुने चिपवर बसविण्याचे काम चालते.

कायद्यानेही साथ दिली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच, शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे तत्त्व होते. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरील चाचण्या भारतात बंद झाल्या. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत सुधारणा होऊन ऑर्गनॉइड, चिपवरील अवयव, संगणकीय पद्धती यांच्या आधारे मिळालेली माहितीही ग्राह्य ठरली. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये १९३८ पासूनची प्राणी-चाचणीची सक्ती दूर केली. दोन्हीकडे प्राण्यांवरील प्रयोग बंद झालेले नाहीत, पर्यायाचे दार उघडले आहे. या दारातून किती जण जातील, हे नव्या परीक्षेच्या विश्वासार्हतेवर अवलंबून राहील.

असा बदल आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही भीती आपल्या बालपणी घरोघर होती. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू टोचायचा, आजार बळावला की तिला मारून मेंदू काढायचा व त्यापासून लस करायची, अशी ही १९११ पासूनची पद्धत. त्या लशीने काहींना उलट पक्षाघातासारखे विकार होत, कारण परक्या प्राण्याचा मेंदू-अंश शरीरात जाई. २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले व पेशींवर वाढविलेली लस सर्वत्र आली. यांतील एका प्रकारच्या लशीसाठी लागणाऱ्या ‘व्हेरो’ पेशी १९६२ साली जपानमध्ये एका माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या होत्या. त्यांचीच पिढी आजवर वाढविली जाते. मेंढ्या वाचल्या आणि माणसालाही अधिक सुरक्षित लस मिळाली. जीवदया आणि रुग्णहित यांत निवड करावीच लागते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

नावेची बाजू

वाणिज्याचा विद्यार्थी या नात्याने ताळेबंदाची दुसरी बाजूही मांडणे माझे कर्तव्य आहे.

पहिली मर्यादा आकाराची. या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तो काही मिलिमीटरांपेक्षा वाढला की गाभ्यापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि आतील पेशी मरतात. दुसरी मर्यादा वयाची. या पेशी गर्भातील मेंदूसारख्या कोवळ्या असतात. सत्तरीत होणारा स्मृतिभ्रंश काही महिन्यांच्या गोळ्यात पाहणे कठीण. म्हणून बालपणीच्या, आनुवंशिक आजारांत या पद्धतीला यश लवकर दिसते, वार्धक्याच्या आजारांत उशीर लागतो. तिसरी मर्यादा एकसारखेपणाची. एकाच दिवशी लावलेले दोन गोळे हुबेहूब सारखे होत नाहीत. चौथी मर्यादा अशी, की औषध पोटातून, यकृतातून व रक्तातून मेंदूपर्यंत जाते. हा प्रवास बशीतला गोळा सांगू शकत नाही. कात्रणावरून रंग कळतो, आटणे कळते. साडी नेसल्यावर कशी पडेल ते कळत नाही.

पाचवी बाब विशेषतः आपल्या समाजासाठी आहे. ऑर्गनॉइड ही पूर्णतः अहिंसक वस्तू आहे, असा शिक्का मारण्याची घाई करू नये. ज्या जेलच्या थेंबात तो वाढतो, तो प्रचलित जेल उंदराच्या अर्बुदापासून मिळवितात. पेशी वाढविण्याच्या द्रवात अनेक प्रयोगशाळा गाईच्या गर्भातील वासराच्या रक्तापासून काढलेले द्रव्य वापरत आल्या आहेत. कृत्रिम जेल व प्राणिजन्य घटक नसलेले द्रव यांवर काम चालू आहे. तसेच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. सर्जिउ पास्का यांच्या गटाने टिमोथी सिंड्रोम या दुर्मीळ बालरोगावर २०२४ मध्ये जे आशादायक औषध दाखविले, त्यात मानवी ऑर्गनॉइड उंदरांच्या जातीतील रॅटच्या मेंदूत बसवून परीक्षा झाली होती. म्हणून हिंसा संपली असे म्हणता येणार नाही. ती कमी करण्याचे साधन हाती आले, एवढे निश्चित म्हणता येईल. श्रावकाच्या दृष्टीने अल्प हिंसेकडे जाणारे पाऊलही मोलाचेच.

सहावी बाब अधिक खोल आहे. या गोळ्यास संवेदना असते का? २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना काही महिने वाढविलेल्या ऑर्गनॉइडमध्ये विद्युत-लहरी दिसल्या आणि त्यांचे काही गुणधर्म अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या मेंदू-लहरींशी जुळणारे होते. त्याला डोळे, कान, शरीर नाही. वेदना वाहून आणणारी वाट नाही. त्याला सुख-दुःख होते, असे मानण्यास आज शास्त्रीय आधार नाही. तरीही हे नमुने जसजसे प्रगत होतील तसतसा हा प्रश्न गंभीर होईल, हे ओळखून मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची दखल घेतली आहे. जीव कोठे सुरू होतो, इंद्रिये किती, यावर सूक्ष्म चिंतन करणारी आपली परंपरा आहे. आपल्या अभ्यासकांनी, साधू-साध्वींच्या मार्गदर्शनाखाली, या चर्चेत भाग घ्यावा. ती केवळ पाश्चात्त्य विद्यापीठांवर सोपवून देऊ नये.

फसवणुकीपासून सावध

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘स्टेम सेल’ हा शब्द आज जाहिरातींत मुक्तपणे फिरतो. स्वमग्नता, कंपवात, पक्षाघात यांवर मूलपेशींचे इंजेक्शन देऊन हमखास गुण, असे सांगत काही लाख रुपये मागणारे भेटतात. हतबल आई-वडील दागिने मोडून पैसे देतात. बंधू-भगिनींनो, मी आज सांगितलेली पद्धत औषध तपासण्याची आहे, ती उपचार नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी केले जाणारे प्रत्यारोपण सोडता मूलपेशींचा अन्य वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. स्वमग्नतेसाठी असा उपचार शिफारस करण्याजोगा नाही व त्याचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. कोणी ‘चाचणी’ म्हणून बोलावले तर तीन प्रश्न विचारा. ही चाचणी भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली आहे का? नीतिसमितीची मान्यता कोठे आहे? आणि पैसे का मागता? कात्रण दाखवून तागा विकणारा आणि कात्रणच तागा म्हणून विकणारा, यांतला भेद व्यापाऱ्याच्या समाजाला शिकवावा लागू नये.

आपण काय करू शकतो

केवळ ऐकून घरी जाण्यापेक्षा काही ठोस घडावे, म्हणून चार सूचना आपणांसमोर ठेवतो.

एक, प्रत्येक कुटुंबाने तीन पिढ्यांची आरोग्य-नोंद ठेवावी. कोणाला कोणत्या वयात स्मृतिभ्रंश, अपस्मार, कंपवात वा मनोविकार झाला, हे लिहून ठेवावे. आपल्याकडे वंशावळी जपण्याची सवय आहे, त्यात एवढी भर घालावी. संशोधकाला अशी नोंद सोन्याहून मोलाची वाटते. मनोविकार लपविण्याची प्रथा मात्र सोडली पाहिजे. लपविलेल्या आजारावर औषध शोधता येत नाही.

दोन, मान्यताप्राप्त संस्थेने नीतिनियम पाळून रक्ताचा नमुना मागितला, तर समजून-उमजून संमती द्यावी. आजारी माणसाइतकाच निरोगी भावंडाचा नमुना महत्त्वाचा असतो. काही थेंब रक्तातून वाढणारे कात्रण कित्येक जिवांचे प्रयोग वाचवू शकते.

तीन, नेत्रदानाची परंपरा आपल्या समाजाने अभिमानाने जोपासली. तशीच मेंदूदानाची माहिती घ्यावी. निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूच्या ऊतींचे संग्रहालय आहे. हे दान मृत्यूनंतर काही तासांतच व्हावे लागते, म्हणून बंगळुरू परिसरात राहणाऱ्या आपल्या आप्तांना त्याची कल्पना द्यावी. वृद्धाच्या मेंदूत खरोखर काय घडले, ते या ऊतीवरून कळते आणि प्रयोगशाळेतील कात्रण खरे उतरले की नाही, हे ताडून पाहता येते.

चार, ट्रस्टच्या जीवदया निधीतील एक छोटा अंश, प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित पद्धतींवर काम करणाऱ्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवावा. पांजरापोळीत आपण जखमी जीव सांभाळतो. हा पैसा जीव जखमी होण्याआधीच वाचवील. नाशिक ही आरोग्य विज्ञान विद्यापीठाची नगरी आहे. असा विद्यार्थी शोधण्यास दूर जाण्याचे कारण पडू नये.

समारोप

उंदीर एक अंश सांगतो, प्रयोगशाळेतील कात्रण दुसरा सांगते आणि प्रत्यक्ष रुग्णावरील काळजीपूर्वक चाचणी तिसरा. कोणताही एक अंश म्हणजे पूर्ण सत्य, असा आग्रह धरला की फसगत होते. अनेकांतदृष्टी ज्यांना वारशाने लाभली आहे, त्यांना हे समजण्यास अडचण नसावी. मात्र या तिन्हींत माणसाच्या आजाराच्या सर्वांत जवळचा, आणि मुक्या जिवाला सर्वांत कमी दुखविणारा अंश आता हाती येऊ लागला आहे. त्याला बळ देणे हे धर्माचे काम आहे आणि रुग्णसेवेचेही.

ट्रस्टच्या शताब्दीच्या सोहळ्यात आज येथे बसलेली मुले ज्येष्ठांच्या खुर्च्यांवर असतील. त्यांच्या घरातील आजी-आजोबांनी त्यांना नावाने हाक मारावी, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो. 

जय जिनेंद्र.